वळिवड्याला आलेला पाहुणा

वॉर्सा
16 नोव्हेंबर 2025

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आईच्या गुडघ्याचं सविस्तर लिहिलंत, स्वतःच्या साखरेचं मात्र एका ओळीत उरकलंत. ते मी आईलाच विचारेन.

तुम्ही विचारलंय की, 2019 साली कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात, महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीच्या आठवणीसाठी उभारलेल्या स्तंभाच्या अनावरणाला आलेला तो पोलंडचा उपमंत्री आता काय करतो. आप्पा, तो इथं दोन दिवसांआड टीव्हीवर दिसतो! नाव मार्चिन प्शिदाच. लिहिताना त्यात इतकी अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली असतात की वर्षभर मी ते चुकीचंच वाचत होते. घरमालकीणबाईंनी दुरुस्त केलं. इथं बाईमाणसाला आदरानं ‘पानी’ म्हणतात, त्यामुळे मी दिवसभर ‘पानी, पानी’ करत असते. तहान लागल्यासारखं.

तुमच्याकडं आला तेव्हा तो पस्तिशीच्याही आतला होता. महापुराला जेमतेम महिना झालेला आणि त्या गडबडीत तुम्ही सायकलवरून कार्यक्रमाला गेला होता, ते मला आठवतं. सोबत छावणीत वाढलेली, आता ऐंशी ओलांडलेली मंडळी होती. तुम्हाला त्या म्हाताऱ्यांचंच कौतुक होतं. मंत्र्याबद्दल तुम्ही ‘पोरगंच की रे’ एवढंच म्हणाला होतात.

तर हा पोरगा क्राकुवच्या यागिएलोनियन विद्यापीठातून कायदा शिकला. हे विद्यापीठ 1364 सालचं. पुढं राष्ट्राध्यक्ष आंजेय दुदा यांच्या कार्यालयात परराष्ट्राचं काम, आणि 2019 च्या सुरुवातीला थेट परराष्ट्र उपमंत्री. आशिया त्याच्याकडं होता म्हणून वळिवड्याची फेरी झाली. पण खरं डोकं अडकलं होतं पूर्वेच्या शेजाऱ्यांत. 2020 मध्ये बेलारूस पेटलं, 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला. 2023 च्या जानेवारीत तो पुन्हा राष्ट्राध्यक्षांकडं गेला, या वेळी आंतरराष्ट्रीय धोरण विभागाचा प्रमुख म्हणून.

त्याच वर्षीचा एक किस्सा सांगते, म्हणजे माणूस कळेल. युक्रेनचं स्वस्त धान्य इथं उतरू लागलं आणि पोलिश शेतकऱ्यांचे भाव पडले. आपल्याकडं कांद्याचं होतं तसं रान उठलं. सरकारनं ते धान्य घ्यायचं बंद केलं, युक्रेन चिडलं. तेव्हा हा टीव्हीवर म्हणाला की पोलंडनं जे केलं त्याची युक्रेननं आता जरा कदर करावी. दुसऱ्या दिवशी कीवनं पोलंडच्या राजदूताला बोलावून जाब विचारला, मग वॉर्सानं त्यांच्या राजदूताला. मला विचाराल तर शेतकऱ्याची बाजू खोटी नव्हती. पण शेजाऱ्याचं घर जळत असताना, आपण दिलेल्या बादल्या मोजून दाखवायच्या नसतात. घरमालकीण पानी मात्र म्हणतात, कुणीतरी बोलायलाच हवं होतं. गंमत म्हणजे त्या त्याच्या पक्षाला मत देत नाहीत. पक्षाचं नाव ‘कायदा आणि न्याय’, बोलताना सगळे ‘पीस’ म्हणतात. देवधर्म, कुटुंब, देशाची मान आणि ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, नावानं खडे, असा त्यांचा बाज.

त्या साली ऑक्टोबरच्या निवडणुकीत तो खासदार झाला, पण पक्षाची सत्ता गेली. डिसेंबरात टुस्क पंतप्रधान झाले आणि परराष्ट्र खातं शिकोर्स्कींकडं आलं. इथून पुढचं तुम्हाला चटकन समजेल, कारण तुम्ही पाच वर्षं ग्रामपंचायतीत काढलीत. चेकवर सरपंचाची सही लागते आणि ग्रामसेवकाचीही. दोघांचं बिनसलं की गटाराचं कामसुद्धा अडतं. इथं राजदूत सरकार सुचवतं आणि नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात. 2024 मध्ये शिकोर्स्कींनी पन्नासावर राजदूत बदलायचं ठरवलं, दुदांनी सह्या अडवल्या. तेव्हापासून वॉशिंग्टनसारख्या ठिकाणीसुद्धा पोलंडचा राजदूत नाही, प्रभारीच बसलाय.

यंदा राष्ट्राध्यक्षपदी नव्रोत्स्की निवडून आले, तेही ‘पीस’च्या पाठिंब्यावर. 6 ऑगस्टला शपथ झाली आणि प्शिदाच पुन्हा त्याच आंतरराष्ट्रीय विभागात प्रमुख. राष्ट्राध्यक्ष बदलले, खुर्चीवर हा परत आला! सप्टेंबरात नव्रोत्स्की व्हाइट हाऊसला गेले, तेव्हा हा सोबत होता, परराष्ट्र खात्याचं कुणी नव्हतं. त्यानंतर आठवडाभरातच रशियाचे ड्रोन पोलंडच्या हद्दीत घुसले. त्या रात्री तरी दोन्ही सह्या एका कागदावर असाव्यात असं मला वाटत होतं. सकाळी ऑफिसात कुणी काम करत नव्हतं, सगळे फोन बघत होते. मी घरी फोन केला नाही, कारण आई घाबरली असती. आता लिहितेय, वाचून दाखवताना हे वाक्य गाळा.

आणि एक. 1 नोव्हेंबरला इथं पितरांचा दिवस असतो. अख्खं शहर दफनभूमीत दिवे लावायला जातं. लाल काचेचा, वर पत्र्याचं झाकण असलेला दिवा कुठल्याही दुकानात मिळतो, किती तास जळेल तेही त्यावर लिहिलेलं असतं. माझं इथं कुणाचं थडगं असणार? मी दोन दिवे घेतले आणि दुसऱ्या महायुद्धातल्या मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाशी गेले. तिथंच शेजारी आपल्या कोल्हापूर संस्थानच्या नावाची पाटी आहे, 2017 ची. मागच्या साली मोदी आले होते ते तिथंच. पंचगंगेकाठी पाच वर्षं राहिलेल्या त्या पाच हजार पोलिश निर्वासितांपैकी कितीजण आता असतील? पाटीशी एक दिवा आधीच जळत होता. कुणी लावला, कळलं नाही. वाऱ्यात माझ्या चार काड्या फुकट गेल्या, शेवटी त्याच दिव्यावर माझे पेटवले.

पानींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, वळिवड्याचा तो स्तंभ बघायचाय. म्हणून तुमच्या डायरीत ठेवलेल्या कात्रणाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. अंगणात उजेडात काढा, आणि बोट बाजूला ठेवा. गेल्या वेळी रेशनकार्डाच्या फोटोत निम्मं तुमचं बोटच आलं होतं.

आईला नमस्कार. काळा मसाला संपत आलाय.

तुमची,
धाकटी