आजीच्या लुगड्याच्या पट्ट्या जपणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आजोबांचे जुने कागद जपायला तुमच्या मंडळाकडे दिले, त्यांची परवा पोच आली. दोन पानी यादी, एकेका वस्तूला क्रमांक. त्यात ३२ व्या क्रमांकावर लिहिलं होतं: ‘कापडी पट्ट्या, ९. नऊवारी लुगड्याच्या. पुडकी बांधण्यासाठी वापरलेल्या.’ आईला वाचून दाखवत होते, तिथे आवाज अडला. पुढची यादी तिनेच वाचली.

हे पत्र मी मुद्दाम चारचौघांत लिहितेय, कारण ते कागद घेऊन मी कुठे कुठे फिरले ते चारचौघांना ठाऊक आहे.

आजोबा आमच्या अंत्रुजातल्या, म्हणजे गोव्याच्या फोंडा भागातल्या, देवळाच्या उत्सवी नाटकांत पेटी वाजवायचे आणि रात्र रात्र बसून नटांना नकला, म्हणजे त्यांच्या संवादांच्या हस्तलिखित प्रती, उतरवून द्यायचे. त्या नकला, पदांच्या वह्या, हस्तपत्रिका, देवळाच्या जमाखर्चाचे थोडे मोडी कागद, सगळं माळ्यावरच्या ट्रंकेत होतं. आजीने नऊ पुडकी बांधली होती. आजीला अक्षरओळख नव्हती. हिरवी पट्टी कुठल्या उत्सवाची, जांभळी कुठल्या, ते तिला रंगावरून कळायचं. ‘कागद उडयनाका गो,’ म्हणजे टाकू नका, एवढंच ती आम्हा नातींना सांगून गेली.

दोन वर्षांमागे कौल सरकलं आणि पाऊस ट्रंकेत उतरला.

पहिल्या ठिकाणी विचारलं, पोर्तुगीजमधलं काही आहे का? सरकारी शिक्क्याचं? नसेल तर ठेवून काय करायचं? दुसऱ्या ठिकाणी कागद ठेवून घेतले खरे, पण सगळी पुडकी सोडून एकत्र ढीग केला, फाटलं तिथे सेलोटेप मारली, एक हस्तपत्रिका लॅमिनेट केली आणि अख्ख्या चातुर्मासानंतर सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून परत दिलं. वर चिंध्यांचा बोळा. मला राग आजही आहे. ती हस्तपत्रिका पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळातली. तेव्हा गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे. तिच्यावरचा शिक्का आता त्या प्लॅस्टिकखाली फुगलाय आणि प्लॅस्टिक सोडवायला जावं तर शाईच सोबत निघेल, असं तुम्ही मला हळू आवाजात सांगितलंत.

तुमच्या टेबलावर मी ती पिशवी उपडी केली तेव्हा तो बोळा मीच कचऱ्याच्या डब्याकडे नेत होते. तुम्ही हात आडवा केलात. ‘थांबा. हे कोणी बांधलं होतं?’

इतक्या फिरण्यात हे कोणी विचारलं नव्हतं. कागद कोणाचे, कुठल्या सालचे, किती, हे सगळ्यांनी विचारलं.

मग तुम्ही पट्टी न् पट्टी सुटी केलीत, ओल्या टिपकागदावर पसरलीत. आणि मला दाखवलंत की पावसात पट्टीचा रंग खालच्या कागदावर उतरलाय. एका नकलेच्या पाठीवर आडवा हिरवा पट्टा, दोन बोटं रुंद. तुम्ही हिरवी पट्टी उचलून त्यावर धरलीत. काठावरची उसवलेली जागासुद्धा जुळली! ज्या कागदांवर रंग नव्हता त्यांची कसरीने पाडलेली भोकं तुम्ही भिंगाखाली एकावर एक लावून पाहिलीत, कारण कीड पानामागून पान पोखरत जाते. अशी सहा पुडकी पुन्हा लागली. आजीचा क्रम परत आला. तुम्ही म्हणालात, ‘तुमच्या आजीने सूची केली होती, फक्त कापडात.’

पुढचं तुमचं काम मी बाकावर बसून पाहिलं आहे. गंजलेली टाचणी ओढून न काढता खाली पातळ पट्टी सरकवून सोडवायची, पेनाऐवजी पेन्सिल, फाटलेल्या जागी जपानी कागद आणि गव्हाची खळ, कारण ती उद्या कोणाला पाण्याने सोडवता येते. जुन्या लोहशाईने, म्हणजे लोखंडाचा अंश असलेल्या शाईने, पान आरपार खाल्लं होतं, ते तुम्ही दोन्ही तळव्यांवर उचललंत, तान्हुल्या बाळासारखं. आम्ही चतुर्थीच्या आधी कागद उन्हात घालायचो, तेही चूक होतं हे मला तिथेच कळलं. सावली आणि वारा, बस्स.

गोव्यात दफ्तर जपायची रीत जुनी आहे. १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोतोला इथल्या दफ्तरखान्याचा पहिला रखवालदार नेमलं होतं, आणि त्या परंपरेचं पुराभिलेखागार आजही पणजीत आहे. पण तिथे प्रामुख्याने राज्य करणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. अंत्रुज पोर्तुगीजांकडे गेला १७६३ मध्ये. त्याच्या आधीचं आणि नंतरचंही गावाचं जगणं, कोणी कुठलं सोंग घेतलं, दिव्याच्या तेलाला किती लागले, पेटी कोणाकडून उसनी आणली, हे घराघरांतल्या ट्रंकांत राहिलं. त्या ट्रंका बायकांनी सांभाळल्या. तुमच्या नोंदवहीत दात्याच्या नावाखाली तुम्ही हाताने एक रकाना आखलात, ‘कोणी जपले’, आणि आजीचं नाव माहेरच्या आडनावासकट लिहिलंत. तिचं माहेरचं आडनाव रेशनकार्डावरही नव्हतं, ताई.

असा सज्जनपणा शिकवून येत नाही. पगार तुम्हाला नाही, पंखा एकच, आणि तोही तुम्ही कागदांच्या बाजूने वळवून ठेवता.

आईचं एक मागणं आहे. जांभळी पट्टी तिच्या साखरपुड्यात आजी नेसली होती त्या लुगड्याची, असं ती म्हणते. पट्टी परत नको. तेवढं यादीत ३२ क्रमांकापुढे लिहून ठेवाल का? ती पुढच्या बुधवारी माझ्यासोबत येईल, सांगायला.

तुमची ऋणी,
पेटीवाल्या आजोबांची नात