बाबा, ती जागा तुमचीही आहे

ती. बाबा व ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा बाबा म्हणाले, "डिस्नेला आमचं काय काम? ते पोराटोरांचं." तेवढ्या वेळात फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

शनिवारी आम्ही एपकॉटला गेलो होतो. इथे फ्लोरिडात ऑरलँडोजवळ डिस्नेची चार मनोरंजन पार्कं आहेत, त्यांपैकी हे एक, १९८२ साली उघडलेलं. आमच्या टँपाहून गाडीने तास-सव्वा तास. पोटात गोळा आणणारे पाळणे इथे कमीच. दरवर्षी मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा आणि बागांचा महोत्सव असतो आणि त्यात तळ्याकाठच्या खुल्या रंगमंचावर संध्याकाळी गाण्यांचे कार्यक्रम होतात. जुनी, साठ-सत्तरच्या दशकातली गाणी, आणि बरेचदा ज्यांनी ती तेव्हा गायली तेच गायला उभे! एका संध्याकाळी तीन खेळ, प्रत्येकी अर्ध्या तासाचा. पार्कच्या तिकिटातच सगळं, वेगळे पैसे नाहीत.

आम्ही पीटर नूनला ऐकलं. हर्मन्स हर्मिट्स या मँचेस्टरच्या बँडचा गायक. १९६४ साली त्यांचं गाणं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा हा सोळा वर्षांचा होता. बाबा, तो तुमच्याहून थोडा मोठाच आहे, पंचाहत्तरी ओलांडलेला. मला त्याची दोन-तीन गाणी जेमतेम माहीत होती, पण माझं लक्ष खरं तर प्रेक्षकांकडेच होतं. पांढऱ्या केसांची माणसं, कुणाच्या हातात काठी, कुणी व्हीलचेअरवर, आणि पहिल्या ओळीपासून सगळ्यांना शब्द पाठ. माझ्या शेजारच्या आजी डोळे मिटून गात होत्या आणि आजोबा त्यांच्या हातावर ठेका धरत होते. कार्यक्रम संपल्यावर ते उठलेच नाहीत. म्हणाले, पुढचाही ऐकणार.

त्या क्षणी मला तुम्ही हवे होतात. बिनाका गीतमालेच्या बुधवारी आजी जेवणं लवकर उरकायची, हे तुम्हीच सांगितलंय. भावे नाट्यमंदिरात ऑर्केस्ट्रा आला की तुम्ही मला खांद्यावर घेऊन मागे उभे राहायचात आणि अंतरा सुरू होण्याआधीच कुठलं वाद्य येणार ते माझ्या कानात सांगायचात. सांगलीतले रात्रीचे कार्यक्रम तुम्ही सोडलेत, ते गुडघ्यांमुळे आणि कानाच्या मशीनमुळे, हे मला कळतं. पण बाबा, तुमची आवड काही कमी झालेली नाही. गाणी इंग्रजी असली म्हणून काय झालं? तो गिटारचा ठेका, ती ड्रमची थाप तुमच्या काळातलीच आहे, तुम्ही दुसऱ्या कडव्याला मान डोलवाल.

शिवाय एक जागा खास तुमच्यासाठी हेरून ठेवली आहे. एपकॉटच्या तळ्याभोवती वेगवेगळ्या देशांची दालनं आहेत, त्यातलं अमेरिकेचं दालन त्या रंगमंचासमोरच आहे. तिथल्या घुमटाखाली व्हॉइसेस ऑफ लिबर्टी नावाचा गायकांचा गट गातो. वाद्य नाही, माइक नाही, नुसते गळे. सूर घुमटाला लागून खाली येतो आणि प्रत्येक आवाज वेगळा ओळखू येतो. कर्णे लावलेल्या मांडवात मशीन किणकिणतं म्हणता ना, इथे तो त्रास होणार नाही असं मला वाटतं.

आई, आता तुझं. 'लिव्हिंग विथ द लँड' नावाची होडीची सफर आहे. होडी संथपणे आधी एका अंधाऱ्या भागातून जाते आणि मग काचघरांत शिरते. तिथे मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या आहेत, हवेत लोंबणाऱ्या मुळांवर पाण्याचे फवारे मारतात, आणि टोमॅटोचा वेल मांडवावर झाडासारखा पसरवलाय. तिथली भाजी पार्कच्या हॉटेलांत वापरतात. गच्चीवरच्या कुंड्यांसाठी तू तिथे दहा प्रश्न विचारशील. महोत्सवात ठिकठिकाणी झाडांच्या मोठमोठ्या आकृत्या असतात. लोखंडी सांगाड्यात शेवाळ भरून त्यात रोपं लावतात, मग कातरतात. फुलपाखरांचं जाळीचं घरही असतं. तुझी नात तिथून निघायला तयार नव्हती.

आणि पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला दारातला तो भलामोठा गोल आवडला नाही तर नवल. १८० फूट उंच, सहा पायांवर उभा, अंगावर हजारो त्रिकोणी पत्रे. पाऊस पडला तर पाणी खाली उभ्या माणसांच्या डोक्यावर गळत नाही. पत्र्यांमधल्या फटींतून आतल्या पन्हळीत जातं आणि तिथून तळ्यात. आत बसून वर जाता येतं. गुहेतल्या चित्रांपासून आजपर्यंत माणसं एकमेकांशी कशी बोलत आली, ते दाखवतात. बसायची जागा हळू सरकत असते, पण सांगितलं तर त्यांना ती आणखी सावकाश करता येते.

चालण्याची काळजी करू नका. तळ्याभोवतीची ती दालनं अकरा देशांची आहेत (भारताचं नाही, याचं मला दरवेळी वाईट वाटतं) आणि पूर्ण फेरी जवळपास दोन किलोमीटर आहे. ती आपण करायचीच नाही. तळ्यातून होडी जाते, दारातच व्हीलचेअर आणि बॅटरीची गाडी भाड्याने मिळते. दुपारी उन्हाच्या वेळी थंडगार दालनात बसायचं, गाण्याच्या आधी अर्धा तास बाकावर जागा धरायची. खाण्यापिण्यात मांसाशिवायचे पदार्थ सापडतात, तरी मी डबा घेईनच. बाहेरून खाणं नेऊ देतात.

मे संपता संपता इथे ऊन आणि दुपारचे पाऊस सुरू होतात, म्हणून मार्च किंवा एप्रिलच. बाबा, गुडघ्याच्या डॉक्टरांना विमानाच्या प्रवासाबद्दल या आठवड्यात विचारा, आणि आईच्या पासपोर्टची मुदत बघून मला कळवा. पुढच्या वर्षीचे गायक जाहीर झाले की यादी पाठवते. कुणाच्या तारखेला जायचं ते तुम्ही निवडायचं, तिकिटं मी त्याप्रमाणे काढेन.

तुमची,
मनू