जीआरईचे शब्द पाठ करून डोक्यात राहत नाहीत

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी सध्या जीआरईची, म्हणजे परदेशात पुढे शिकायला जाण्यासाठीच्या परीक्षेची, तयारी करतेय, दहावीपर्यंत मराठी मिडीयम आणि मग इंजिनीअरिंग. क्लासवाल्यांनी हातात साडेतीन हजार इंग्रजी शब्दांची यादी दिली आणि रोज शंभर पाठ करा म्हणाले. पोरगी रात्री एक-एक वाजेपर्यंत घोकत बसायची आणि आठवड्याने विचारलं की निम्मे गायब, मग रडायची, म्हणायची मराठी मिडीयमवाल्यांना हे जमणारच नाही. ते ऐकून जीव तुटला म्हणून लिहितेय.

अहो परीक्षाच बदललीये. २०११ पासून जीआरईत सुटे विरुद्धार्थी शब्द विचारत नाहीत, वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते, किंवा सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की वाक्याचा अर्थ सारखाच होईल, आणि दोन्ही बरोबर आले तरच मार्क. मुलं फसतात ती सोप्या शब्दांत. चेक म्हणजे आवर घालणं, क्वालिफाय म्हणजे आपल्याच विधानाला मर्यादा घालणं, फ्लॅग म्हणजे गळून जाणं, हे यादी घोकून कुठून कळणार? सँक्शन घ्या, आपल्याकडे लोन सँक्शन होतं आणि बातम्यांत रशियावर सँक्शन लागतात, शब्द तोच पण एकीकडे मंजुरी नि दुसरीकडे निर्बंध.

मी बी.ए.ला संस्कृत घेतलं होतं, एक दिवस सहज तिच्या शेजारी बसले आणि मला ओळखीचेच शब्द दिसायला लागले. कॉग्निझंट म्हणजे जाणीव असलेला, अॅग्नॉस्टिक म्हणजे देव आहे की नाही ते कळू शकत नाही असं मानणारा, यातला ग्न म्हणजे आपल्या ज्ञानातला ज्ञ. प्रॉग्नोसिसमध्ये तर आपला प्र सुद्धा आहे, आजार पुढे कसा जाईल ते आधीच जाणणं. नॉव्हिस म्हणजे नवशिका, त्यात नव, मॉरिबंड म्हणजे मरणपंथाला लागलेला, त्यात मृत्यू. इग्नॉमिनीत तर चक्क नाम आहे, नाव जाणं, म्हणजे आपली बदनामीच की! तो शब्द ती आता जन्मात विसरणार नाही. सगळीकडे हे चालत नाही हे मान्य, एनर्व्हेट एनर्जीसारखा दिसतो आणि अर्थ नेमका उलटा, अंगातलं बळ जाणं. असे शब्द आम्ही वेगळ्या वहीत पूर्ण वाक्यासकट लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी परत विचारते मी तिला, भाजी निवडता निवडता. आता रोज १२ शब्दच करतो पण राहतात लक्षात.

तुमच्या पेपरात अॅडमिशनच्या तारखा, फीचे आकडे सगळं येतं. तिथेच आठवड्याला एक कोपरा द्या ना, चार इंग्रजी शब्द, त्यांचं मूळ, मराठी अर्थ आणि एकेक पूर्ण वाक्य. गावोगावचे मराठी-संस्कृतचे शिक्षक आनंदाने लिहून देतील, आणि क्लासची फी न परवडणाऱ्या मुलांना पेपर तर परवडतो.

एक आई, मिरज