साउंड मिक्सरवरच्या दादांना

प्रिय दादा,

आमचा बँड हल्ली चांगला वाजतो असं लोक म्हणू लागलेत. त्यात तुमचा वाटा किती आहे हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम फाटक्या-करकरीत आवाजाच्या, गिटार ऐकल्या की बरेच साउंडवाले सगळे फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची बटणं) वर ढकलतात आणि मोकळे होतात. तुम्ही पहिल्याच साउंडचेकला विचारलंत, "यात सगळ्यात हळू जागा कुठली?" इतका नेमका प्रश्न आम्हाला तोवर कुणी विचारला नव्हता.

आमची निम्मी गाणी त्या हळू जागेवरच उभी आहेत. कडव्यात नुसता बेस आणि माझा आवाज, ध्रुवपदाला ड्रम्स आणि दोन्ही गिटार एकदम अंगावर येतात. ही रीत आमची नव्हे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पिक्सीज या अमेरिकन रॉक बँडनं ती गाजवली, १९९१ मध्ये निर्वाणा या बँडनं घरोघरी पोचवली, आणि आपण ती पिक्सीजकडून उचलली हे निर्वाणाचा गायक कर्ट कोबेननं मोकळेपणानं कबूलही केलं. पण कडवंच मोठं करून ठेवलं तर ध्रुवपदानं वाढायचं कुठे? तुम्ही कडव्यात आम्हाला इतकं खाली ठेवलंत की मागच्या रांगेतले लोक बोलायचे थांबले आणि कान देऊन ऐकू लागले. त्यानंतर ध्रुवपद आलं तेव्हा समोरचे चेहरे मी पाहिलेत. आम्ही हीच गाणी किती दिवस वाजवत होतो, पण ती अशी पोचली नव्हती.

गिटारच्या अँपसमोर गुडघे टेकून, मोबाइलच्या टॉर्चनं जाळीआडच्या स्पीकरचा मध्य शोधणारे तुम्ही अजून डोळ्यांसमोर आहात. माइक मध्यापासून दोन बोटं बाजूला सरकवलात आणि कानाला टोचणारी करकर गेली. मिक्सरच्या एकाही नॉबला हात लावला नव्हता! मग गिटारमधला शंभर हर्ट्झखालचा भाग कापलात. आमचा गिटारवाला कुरकुरला, साहजिकच. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, बेसची ४१च्या. खालची जागा बेसला मोकळी हवी, हे तुम्ही त्याला तोंडानं सांगितलं नाहीत. त्याला हॉलच्या मध्यावर उभं केलंत आणि बेस वाजवायला लावलात. बेसचा एकेक सूर सुटा ऐकू आल्यावर तोच म्हणाला, राहू दे असंच.

माझ्याशीही असेच वागलात. जोरात गाताना माइकची जाळी मुठीत धरायची मला सवय होती. तशी धरली की माइक मागचा आवाजही ओढून घेतो आणि मॉनिटर, म्हणजे स्टेजवर आमच्याकडे तोंड केलेला स्पीकर, शिट्टी मारतो. स्टेजवर सगळ्यांदेखत टोकण्याऐवजी तुम्ही मला बाजूला नेऊन, माइक हातात देऊन, मूठ खाली सरकवून दाखवलीत. नवख्या गायिकेला असं सांभाळून शिकवणारं माणूस भेटणं फार मोठी गोष्ट आहे, दादा.

स्टीव्ह अल्बिनी या अमेरिकन साउंड इंजिनिअरनं १९९३ मध्ये निर्वाणाचा अल्बम रेकॉर्ड केला, तेव्हा विक्रीतला वाटा नाकारून ठरलेला मोबदलाच घेतला. संगीत बँडचं, त्याची पुढची कमाईही बँडचीच, असं त्याचं मत होतं. स्वतःला तो प्रोड्यूसर म्हणवून घेत नसे. तुमच्याकडे पाहिलं की मला तो आठवतो. "गाणं तुमचं, मी फक्त पोचवतो," हे तुमचं नेहमीचं वाक्य. आमचं मत जरा वेगळं आहे.

आमची पहिली रेकॉर्डिंग पूर्ण होत आलीय. कव्हरवर आमच्या चौघांच्या नावांसोबत, त्याच आकाराच्या अक्षरांत, तुमचं नाव येणार आहे. नको म्हणू नका, चौघांचं ठरलंय. नावापुढे काम काय लिहायचं, तेवढं कळवा.

तुमची,
बँडची गायिका, आणि सोबत बाकीचे तिघे