मामा, इथेही सगळं क्युसेकवरच चालतं

न्यू जर्सी,
१९ मे

ती. दादामामास,
सा. न. वि. वि.

कोकमं आणि मामीने पाठवलेलं मेतकूट पोचलं. कोकमाच्या पिशवीला भोक पडलं होतं, त्यामुळे मेतकुटाचा डबा बाहेरून लाल झालाय, बाकी सगळं ठीक.

गेल्या वेळी फोनवर तू विचारलंस, "मासा धरायचा आणि परत सोडून द्यायचा, तर मग धरायचाच कशाला?" मागून आई कुकरच्या शिट्ट्यांवरून ओरडत होती, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. पण प्रश्न रास्त आहे, आणि गरी टाकण्यात ज्याचा जन्म गेला त्याने विचारलेला आहे. म्हणून सावकाश लिहिते.

आमच्या घरापासून गाडीने दोनेक तासांवर, न्यूयॉर्क राज्यात, कॅट्सकिल नावाचे डोंगर आहेत. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला. त्यात रॉस्को नावाचं गाव आहे. गाव कसलं, आपल्या सावर्ड्याचा बाजार त्याहून मोठा असेल. पण गावाच्या पाटीवरच 'ट्राउट टाउन' लिहिलंय; ट्राउट म्हणजे ज्याच्यासाठी सगळे इथे गरी टाकतात तो मासा. बीव्हरकिल आणि विलोवीमॉक या दोन नद्या तिथे मिळतात, आणि संगमावर जो डोह आहे त्याला जंक्शन पूल म्हणतात. या डोहात दोन तोंडांचा ट्राउट आहे अशी दंतकथा आहे: कुठल्या नदीने वर जावं हे ठरेना, म्हणून त्याला दोन डोकी फुटली. पूर्वी ट्राउटचा हंगाम १ एप्रिलला उघडायचा. २०२१ पासून कायदा बदलला, आता वर्षभर गरी टाकता येते, फक्त १६ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात मासा सोडून द्यावाच लागतो आणि खरं आमिष चालत नाही. तरी १ एप्रिलला लोक येतातच, काठावर बर्फ असला तरी. चढणीच्या माशांच्या वेळी आपली माणसं पावसाची पर्वा न करता वहाळात उतरतात, तसंच आहे हे.

आता मुख्य फरक. तू गरीला शिसं बांधतोस, त्या वजनाने दोरी लांब जाते. इथे गरीवर असते पिसांची आणि लोकरीची केलेली खोटी माशी. तिला वजन जवळजवळ शून्य. ती लांब जाणार कशी? तर वजन दोरीलाच दिलेलं असतं. दोरी जाड, प्लॅस्टिकचा मुलामा दिलेली, आणि तिच्या टोकाला नऊ फुटांचा बारीक होत जाणारा पारदर्शक धागा. काठी मागे न्यायची, क्षणभर थांबायचं, मागे दोरी हवेत पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढे. शिकणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं भांडण त्या थांबण्याशी असतं. पूर्वी या काठ्या बांबूच्या असत: बांबूच्या सहा चिरफळ्या तासून चिकटवलेल्या. सुरुवातीच्या काळात तो बांबू आपल्याकडूनच जायचा, 'कलकत्ता केन' म्हणायचे. मग चीनचा टोंकिन बांबू आला आणि कलकत्त्याचा मागे पडला. आता बहुतेक सगळं कार्बन फायबरचं.

फेकणं जमतं रे हळूहळू. खरी परीक्षा माशी पाण्यावर टेकल्यावर. तुझ्या दोरीला मधला प्रवाह ओढत असतो आणि काठाजवळचं पाणी मंद असतं. दोरी ओढली गेली की माशी पाण्यावर रेघ ओढत सरकते. जिवंत किडा असा सरकत नाही, तो वाहतो. ट्राउटला हे कळतं. म्हणून दोरी पाण्यावर पडल्या पडल्या ती वरच्या अंगाला उलटी वळवून ठेवायची, म्हणजे माशीला थोडा वेळ तरी मोकळं वाहता येतं. या मोकळ्या वाहण्यासाठी माणसं आयुष्य घालवतात. मला ते वेड आधी हास्यास्पद वाटायचं, आता कमी वाटतं.

माशी कुठल्याही किड्याची नसते. त्या आठवड्यात त्या नदीवर जो किडा निघतो, त्याचीच लागते. मुख्यतः मायफ्लाय. हा किडा साधारण वर्षभर पाण्याखाली दगडांना धरून राहतो, मग एका दुपारी वर येतो, पाठीची कात फोडतो, पंख वाळेपर्यंत पाण्यावर वाहत राहतो आणि उडतो. नंतर पुन्हा एकदा कात टाकतो, जोडी जमते, अंडी घालतो, मरतो. पंख आल्यावर त्याला कामाचं तोंडच नसतं, म्हणजे जेवणाचा प्रश्न मिटला. पंख वाळवायची ती काही मिनिटं ट्राउटची पंगत. एप्रिलच्या शेवटी हेन्ड्रिक्सन नावाचा मायफ्लाय निघतो, तोही दुपारी दोन-तीनच्या सुमारास. मेच्या शेवटाला ग्रीन ड्रेक, चांगला मोठा. लोक ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून येतात.

खोट्या माश्या बांधण्याचा कारभार तुला फार आवडेल. थिओडोर गॉर्डन नावाचा एक क्षयरोगी, एकलकोंडा माणूस याच डोंगरांतल्या नेव्हरसिंक नदीवर राहायचा. १८९० साली इंग्लंडातल्या हॅलफर्ड नावाच्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या जाणकाराने त्याला तरंगणाऱ्या माश्यांचा एक संच पत्रातून पाठवला. त्या माश्या इंग्लंडातल्या संथ पाण्यासाठी होत्या. इथल्या खळाळात त्या बुडायच्या. गॉर्डनने इथले किडे पाहून, कोंबड्याच्या मानेची ताठ पिसं वापरून नव्या घडवल्या. त्यातल्या एकीचं अंग मोरपिसाच्या डोळ्याजवळच्या धाग्याचं असतं, वरची लव खरवडून काढलेलं, म्हणजे किड्याच्या पोटावर असतात तसे पट्टे दिसतात. हेन्ड्रिक्सनच्या अंगासाठी तर कोल्हिणीच्या पोटाची, मुतून मुतून गुलाबी पडलेली लव लागते असं जुने कारागीर सांगत. मामीला हा भाग वाचून दाखवू नकोस.

पुढच्या पिढीत रूब क्रॉस नावाचा एक नामांकित बांधणारा होता. वॉल्ट डेट्टी नावाच्या तरुणाने त्याला पैसे देऊ केले, मला शिकव. क्रॉसने साफ नाही म्हटलं. मग डेट्टी आणि त्याच्या बायकोने, विनीने, क्रॉसच्याच माश्या विकत घेतल्या आणि एकेक टाका उसवून, उलट्या क्रमाने शिकून घेतल्या. त्या घराण्याचं दुकान आजही त्याच खोऱ्यात चालू आहे. विद्या न देणाऱ्याच्या हातून विद्या अशी सुटते, आपल्याकडचे किती खाँसाहेब आठवले मला!

आणि हे ऐक. इंग्लंडात जुन्या काळी सॅमन माशासाठी ज्या भपकेबाज माश्या बांधत, त्यांच्यावर दोन्ही बाजूंना डोळ्यासारखं एक चकचकीत पिवळसर पीस असायचं. ते आपल्या रानकोंबड्याच्या मानेचं. सह्याद्रीतल्याच, तू पहाटे ज्याची बांग ऐकवायचास त्याच्या जातीचं. किती कोंबडे त्यापायी गेले असतील देव जाणे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि आता इथे दुकानात मिळतं ते पाळलेल्या पक्ष्यांचं पीस, महाग. त्यामुळे तू उत्साहाने काही पाठवू नकोस.

आता पाणी. तुला पत्र लिहायचं खरं कारण हे आहे.

ट्राउट थंड पाण्याचा. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी पडतो आणि त्याला धाप लागते. बीव्हरकिलवर धरण नाही, त्यामुळे जुलैत ती तापते. थंड ओढे येऊन मिळतात तिथे मासे गोळा होतात, आणि तसल्या काही जागी उन्हाळ्यात गरी टाकायला बंदीच असते. शहाणी माणसं खिशात थर्मामीटर ठेवतात आणि पारा चढला की घरी जातात. पण शेजारच्या डेलावेअर नदीच्या पश्चिम फाट्यावर भर उन्हाळ्यातही पाय बधिर होतात. कारण वर कॅनन्सव्हिल धरण आहे आणि पाणी त्याच्या तळातून सुटतं.

हे धरण माशांसाठी बांधलेलं नाही. न्यूयॉर्क शहराला पिण्याचं पाणी हवं होतं. नेव्हरसिंक, पेपॅक्टन आणि कॅनन्सव्हिल अशी तीन धरणं झाली. पेपॅक्टनखाली चार गावं गेली, कॅनन्सव्हिलखाली पाच. थडगीसुद्धा उकरून दुसरीकडे नेली. गॉर्डन जिथे मासे धरायचा तो नेव्हरसिंकचा बराचसा भागही बुडाला. कोयनेच्या शिवाजीसागराखालून उठून आलेली माणसं तू पाहिली आहेस, तुला वेगळं सांगायला नको. खालच्या न्यू जर्सी राज्याने भांडण आधीच सुप्रीम कोर्टात नेलं होतं. १९५४ च्या निवाड्याने शहराला दिवसाला ८० कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ३०० कोटी लिटर पाणी उचलायची मुभा मिळाली, आणि बदल्यात खाली न्यू जर्सीतल्या माँटेग्यू इथे नदीत १,७५० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, वाहते राहतील एवढं पाणी सोडायचं बंधन आलं.

पण धरणाच्या लगेच खालच्या नदीचं काय, हे त्यात नीट नव्हतंच. गरज पडली की सोडायचं, नाहीतर झडप बंद. कधी पूर, कधी कोरडे दगड. गरीवाल्यांनी वर्षानुवर्षं कागद जमवून, सभांत उभं राहून हे लावून धरलं, आणि १९७६ मध्ये राज्याचा कायदा झाला की खाली ठरावीक पाणी सोडलंच पाहिजे. सध्या चार राज्यं आणि शहर यांच्यातला २०१७ चा करार चालू आहे, २०२८ पर्यंतचा. त्यात कडक उन्हाळ्यात पाणी तापलं तर सोडण्यासाठी वेगळा राखीव साठासुद्धा ठेवलाय. माशाला घाम फुटू नये म्हणून कराराचं कलम! २०२४ च्या ऑक्टोबरात शहराकडे जाणारा ८५ मैलांचा बोगदा गळती काढण्यासाठी बंद केला. पण दुष्काळ पडला आणि नोव्हेंबरात ते काम थांबवावं लागलं. तेव्हा नदीकाठच्या दुकानात दुसरा विषय नव्हता.

मी आता सकाळी उठून चहाआधी फोनवर धरणाचा विसर्ग बघते. इथेही आकडा क्युसेकमध्येच. तुम्ही २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर कोळकेवाडी धरणाचा आकडा बघता त्या धास्तीने नव्हे अर्थात. पण बघते.

मग तुझा प्रश्न. सोडायचं कशाला? सरळ हिशेब असा की या नद्यांच्या काठांवर न्यूयॉर्कसारखं शहर येऊन उभं राहतं. सगळ्यांनी खाल्ले तर दोन हंगामांत डोह रिकामा. ली वुल्फ नावाच्या इथल्याच एका थोर गरीवाल्याचं म्हणणं होतं की असा मासा एकदाच धरून संपवण्याइतका स्वस्त नसतो. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतात, मासा पाण्याबाहेर फार काढत नाहीत, हात ओले करून धरतात. माशी ओठात लागते, गांडुळासारखी गिळली जात नाही, म्हणून बहुतेक जगतात. हे सगळं मला पटतं. तरीही एखादा माणूस त्याच त्या माशासोबत पाच फोटो काढत बसतो तेव्हा तू असतास तर काय म्हणाला असतास ते मला ऐकू येतं, आणि त्या वेळी मी तुझ्या बाजूची असते. भूक असेल तेव्हा धरून खाल्लेला मासा मला जास्त प्रामाणिक वाटतो. धरायचाच नाही हा तिसरा रस्ताही आपल्याकडे आहेच. महाडजवळ वाळणकोंडला देवीचे महाशीर मासे आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही आणि ते हातभर वाढतात. कॅच अँड रिलीजवाल्यांना मी हे सांगते, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता माझं तुझ्याकडचं काम. कोयनेचं पाणीही असंच आपलं खोरं सोडून येतं. पूर्वेला कृष्णेकडे जायचं ते बोगद्यातून पोफळीला उतरतं, तिथून कोळकेवाडी, अलोरे, आणि मग वाशिष्ठीत. त्यालाही कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलीय. टर्बाइन चालली की वाशिष्ठी भरते, थांबली की उतरते, एवढं मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या चढउताराने माशांचं काय होतं, हे मला कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. तू इतकी वर्षं त्याच काठावर बसतोस. यंत्रं बंद असतात त्या दिवशी गरीला काय लागतं आणि चालू असतात त्या दिवशी काय? पाणी हाताला गार कधी लागतं? पाग (फेकायचं जाळं) टाकणारे कुठली वेळ धरतात? उथळात दगड उलटून बघितलास तर खाली शेपटीला दोन-तीन केस असलेले चपटे किडे दिसतात का? ते मायफ्लायचेच. आपल्याकडेही असणार.

हे सगळं वहीत तारखेसकट लिहून ठेव. फोनवर नको, फोनवर तू 'बरं चाललंय' म्हणतोस आणि फोन मामीकडे देतोस. डिसेंबरात येईन तेव्हा वही घेऊन बसू. येताना तुझ्यासाठी काठी आणतेय, चार तुकड्यांत सुटी होते. तोवर परसात दोरी फेकायला मोकळी जागा करून ठेव, त्या फणसाच्या खालच्या फांदीचं काहीतरी बघ.

मामीला नमस्कार. चिन्याला सांग, त्याने मागितलेले बूट इथे त्या मापात मिळत नाहीयेत.

तुझी,
मनू