नागाओकाची आतषबाजी

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर नागाओकाला आतषबाजी पाहून आले. शिनानो नदीकाठचं हे शहर. तोक्योहून शिनकान्सेनने, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनने, दोन तासही लागत नाहीत.

उत्सव दरवर्षी 2 आणि 3 ऑगस्टलाच असतो. वार कुठलाही येवो, तारीख बदलत नाहीत. 1 ऑगस्ट 1945 च्या रात्री साडेदहाला अमेरिकी विमानांनी इथे बॉम्ब टाकायला सुरुवात केली, 1,480 हून जास्त माणसं गेली. त्यांच्यासाठी सगळ्यात आधी पांढऱ्या शेवंतीसारखे गोळे उडवतात. ते करणारे कारागीर कासे सेइजी स्वतः युद्धानंतर सायबेरियात कैदेत होते. तिथे मेलेल्या सोबत्यांसाठी 1990 मध्ये त्यांनी आमूर नदीवर हीच शेवंती फुलवली होती. आमच्या शेजारच्या आजी हात जोडून बसल्या होत्या. मीही जोडले. आपल्याकडे शोभेची दारू उडते ती आनंदासाठी. ज्या आकाशातून आग बरसली तिथेच गेलेल्यांसाठी उजेड करायचा, हे मला फार मोठं वाटलं.

बाबा, मोठ्या गोळ्याचं तुम्हाला सांगायलाच हवं. व्यास 90 सेंटिमीटर, वजन 300 किलो! 600 मीटर वर जाऊन फुटतो. आधी सगळं आकाश सोनेरी होतं, मग आवाज पोचतो. तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं ना, पण हा आवाज छातीतच घुमतो. इथल्या 2004 च्या भूकंपानंतर सुरू झालेला ‘फिनिक्स’ नावाचा आतषबाजीचा प्रकार तर नदीकाठाने जवळजवळ दोन किलोमीटर लांब पेटत जातो. मान वळवून वळवून बघावं लागतं.

आई, मैत्रिणीच्या आईने मला युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, नेसवला. डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर फक्त मृताला नेसवताना घेतात. पट्टा तिने इतक्या मायेने बांधला की तुझी फार आठवण आली.

शेवटी सगळ्यांनी मोबाइलचे दिवे हलवून पलीकडच्या काठावरच्या कारागिरांचे आभार मानले. त्यांनीही मशाली हलवल्या.

पुढच्या ऑगस्टला तुम्ही दोघांनी यायचंच. गुडघ्यांची चिंता नको आई, खुर्चीची तिकिटंही असतात, मी वेळेवर अर्ज करेन. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघून कळवा.

तुमची,
लेक