ताईंशी आता तू बोल

चि. लेकास अनेक आशीर्वाद.

या आठवड्यात तुझ्या दम्यासाठी आरोग्यसेविका ताई पुन्हा घरी येणार आहेत. आजवर त्या आल्या की बोलण्याचे काम मी करीत आले आणि तू शेजारी मान डोलावत बसलास. या खेपेपासून त्यांच्याशी तू बोलावेस आणि तेवढा वेळ मी आतल्या खोलीत बसावे, असे मी ठरवले आहे. हे तोंडी सांगितले असते तर ‘बरं’ म्हणून तू पुन्हा मोबाइलमध्ये डोके घातले असतेस, म्हणून लिहून देत आहे.

रात्री खोकल्याने जाग आली किंवा खेळताना छाती आवळली, तर ते प्रथम तुला कळते. मला कळते ते उशिरा, आणि तेही तू सांगितलेस तर. ‘औषध घेतोस ना?’ असे ताई कधी विचारत नाहीत, हे तुझ्या लक्षात आले असेल. गेल्या आठवड्यात पंप, म्हणजे औषध श्वासावाटे ओढायचा इनहेलर, किती वेळा राहून गेला, असे त्या विचारतात, कारण तुझ्या वयात तो राहून जातो हे त्या धरूनच चालतात. मी समोर असले की तू ‘एकदाही नाही’ म्हणून मोकळा होतोस. मग औषध घेऊनही त्रास थांबत नाही, असा डॉक्टरांचा समज होतो आणि जी मात्रा नियमित घेतली असती तर पुरली असती, तीच वाढवली जाते. माझ्या रागापेक्षा मला हे जास्त महागाचे वाटते.

तुझे दोन पंप दोन निरनिराळी कामे करतात. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते; त्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट स्राव वाट आणखी अरुंद करतो. धाप लागल्यावर तू ओढतोस तो पंप काही मिनिटांत स्नायू सैल करतो, पण सुजेला हात लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा पंप. त्याचा गुण दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात आणि घेतल्या क्षणी काहीच जाणवत नाही, त्यामुळे तोच पहिल्यांदा सुटतो. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या जागतिक संस्थेने 2019 पासून स्पष्ट म्हटले आहे, की प्रौढांना आणि 12 वर्षांच्या व त्यापुढच्या मुलांना नुसत्या तात्पुरत्या आरामाच्या पंपावर ठेवू नये. रोजच्या पंपातल्या, सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडबद्दल तुझ्या मित्रांनी काहीबाही सांगितले आहे. व्यायामशाळेतल्या चर्चांत येते ते स्टेरॉइड वेगळे. पंपातले मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते मुख्यतः फुप्फुसात काम करते. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची ती तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ नये म्हणून.

पंप ताईंसमोर प्रत्यक्ष घेऊन दाखव. आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरचे, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीचे, तोंड ओठांत घट्ट धरायचे, एकदाच दाबून सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि जमेल तसा दहा सेकंदांपर्यंत रोखायचा. दुसरा डोस हवा असेल तर हे सगळे पुन्हा करायचे. दोनदा एकदम दाबलेस तर बरेचसे औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटते. स्पेसर धुतल्यावर तू तो फडक्याने खसखसून पुसतोस, तेही सोड. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि ती औषध ओढून घेते. तो नुसता निथळत ठेवायचा.

त्या तुझी खोलीही पाहतील. गादी, कपाटामागची ओल, तुझा तो उग्र सुगंधी फवारा, सगळेच त्यांच्या नजरेत येईल आणि त्यांनी काही हलवायला सांगितले तर ते तू हलव. मित्रांबरोबर सिगारेट किंवा व्हेप झाले असेल तर तेही त्यांना सांग. ते त्या माझ्यापर्यंत आणणार नाहीत, असे आमचे ठरले आहे. जिवाला धोका असेल अशी गोष्ट मात्र त्या मला सांगतील, आणि हे तुला आधीच ठाऊक असावे.

एका बाबतीत मी मागे सरणार नाही. धाप लागल्यावरचा पंप घेऊनही आराम पडत नसेल, दम लागून वाक्य पुरे होत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर आडवे न पडता ताठ बसायचे, त्रास वाढल्यावर काय करायचे त्या लेखी आराखड्याप्रमाणे तोच पंप घेत राहायचे आणि जवळ असेल त्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगायचे. त्यासाठी संघातल्या निदान एका मित्राला तुझा दमा आणि पंपाची जागा माहीत हवी. तो कोण असावा, हे तू ठरव.

सामन्याआधी पंप घ्यावा का, हा तुझा प्रश्न मी ताईंना विचारलेला नाही. तो तूच विचार. आणि त्या येण्यापूर्वी दोन्ही पंपांच्या मागचा आकडा पाहून कागदावर लिहून ठेव, कारण डबी हलवून किंवा पाण्यात टाकून आत किती औषध उरले ते कळत नाही.

तुझी,
आई